मीटर बंद असेल तर ‘बंद’च लिही

पत्र असं आलंय, थोडं आटोपशीर करून देतो :

‘काका, मी पंचवीस वर्षांचा आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, साखर कारखान्यात अप्रेंटिसशिप केली. गेले चौदा महिने तालुक्याच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर ठेकेदाराकडे आहे. मोटर, स्टार्टर, पॅनेल मला जमतं. पण इन्स्ट्रुमेंटचा माणूस दिवाळीनंतर सोडून गेला आणि ते कामही माझ्याच गळ्यात पडलं. ते मिलिअँपिअर, स्केलिंग, कॅलिब्रेशन डोक्यावरून जातं. शहराकडे जाणाऱ्या पाण्यातला क्लोरीन सतत मोजणारा ॲनालायझर तीन आठवडे बंद आहे. शिफ्ट इन्चार्ज म्हणतात, “कालचं बघून लिही, ०.८ टाक.” मी टाकतो, पण घरी गेल्यावर झोप लागत नाही. घरचे म्हणतात, हे सोड, महावितरणच्या भरतीची तयारी कर. मित्र म्हणतो, गल्फला चल. या लाइनला भविष्य आहे का? आणि स्वतःची हत्यारं घ्यायची तर कुठली घेऊ? – एक वायरमन, अहिल्यानगर जिल्हा’

बाळा, भविष्याचं नंतर बघू. आधी त्या ०.८ चं बघू, कारण तुझी झोप त्यानं उडवलीय आणि उडायलाच हवी होती.

माझीही एकदा उडाली होती. नोकरीत पाचसहा वर्षं झाली होती, स्वतःला हुशार समजायला लागलो होतो. जुलै महिना. फिल्टर झालेल्या पाण्याचा गढूळपणा मोजणाऱ्या टर्बिडिटी मीटरचं कॅलिब्रेशन करत होतो, म्हणजे त्याचा आकडा माहीत असलेल्या मापाशी जुळवत होतो. कॅलिब्रेशन करताना मीटर ‘होल्ड’वर टाकतात, म्हणजे पडद्यावरचा आकडा आहे तिथेच थांबतो आणि उगाच अलार्म वाजत नाहीत. तेवढ्यात पंपहाउसमधून हाक आली, तीन नंबर ट्रिप झाला. गेलो, ओव्हरलोड रिले बघितला, केबलचा एक लग जळला होता तो बदलला, चहा घेतला, दुसरं काम निघालं. होल्ड काढायचा राहून गेला. पडद्यावर ०.६ होतं. पुढचे पाच तास ०.६ च होतं. बाहेर नदीला चहाच्या रंगाचं पाणी आलेलं, तुरटीचा डोस कमी पडत होता, फिल्टर गढूळ पाणी खाली सोडत होता आणि कंट्रोल रूममध्ये सगळं झकास. आमच्या केमिस्ट बाई फेरीवर आल्या, काचेचा बीकर भरून खिडकीपाशी उंच धरला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मागे नारळाचं झाड होतं. बीकरमधून ते दिसत नव्हतं.

टाकीतलं पाणी सोडून द्यावं लागलं. संध्याकाळचा पुरवठा रात्री दहाला गेला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी लॉगशीट पुढ्यात सरकवली. दर तासाला ०.६, ०.६, ०.६ आणि पुढे सह्या. होल्ड मी विसरलो ही माझी चूक. पण पाच तास आकडा तसूभरही हलत नाही, याचं सही करणाऱ्या एकालाही नवल वाटलं नव्हतं. खरं पाणी कधी स्थिर नसतं. ०.५८, ०.६३, बॅकवॉश झाल्यावर (फिल्टर उलट्या पाण्यानं धुतल्यावर) जरा वर, मग खाली. स्काडावर, म्हणजे कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर, ट्रेंडची रेष आखणीनं मारल्यासारखी सरळ दिसली की समजायचं, मीटर मेलंय, नाहीतर कुणीतरी झोपवलंय.

तुझं ०.८ याच जातीचं आहे. फरक एवढाच, की माझं चुकून झालं होतं.

तो आकडा कशासाठी असतो ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर सांगितलाय आणि तो ग्राहकाच्या टोकाला मोजायचा असतो, केंद्रावर नव्हे. केंद्रावरून निघालेला क्लोरीन वाटेत टाक्यांत आणि जुन्या पाइपांत खर्च होत जातो. शेवटच्या गल्लीत थोडा तरी उरावा म्हणून तर आपण निघतानाच जास्त ठेवतो. निघतानाचाच आकडा कागदावरचा असेल, तर शेवटच्या गल्लीत काय पोचतंय हे तुझ्यासकट कुणालाच ठाऊक नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा ज्यांनी आयुष्यात क्लोरीनचं नाव काढलं नव्हतं, ती माणसंही विचारायला लागली की आमच्या पाण्यात तो किती आहे. त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्यासारख्या कुणाच्या तरी लॉगशीटवर असतं.

मग करायचं काय? इन्चार्जशी भांडू नकोस. ठेकेदाराच्या माणसानं भांडण काढलं की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात, हे मला माहीत आहे. उद्यापासून त्या रकान्यात ‘ॲनालायझर बंद’ असं लिही, तारीख-वेळ टाक. शेजारी हाताने केलेल्या टेस्टचा आकडा लिही : ‘ओटी ०.६’. ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाची, बाटली केंद्रावर असतेच. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो, कंपॅरेटरवरच्या नमुन्याच्या रंगांशी जुळवायचा. रंग लगेच जुळव, उशीर केलास तर आकडा उगाच जास्त दिसतो. डीपीडीच्या गोळ्या असतील तर आणखी चांगलं, त्याचा गुलाबी येतो. दोन मिनिटांचं काम आहे. मग केमिस्टना आणि इन्चार्जना व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठव : ‘सर, क्लोरीन ॲनालायझर अमुक तारखेपासून बंद आहे, दर दोन तासांनी ओटी घेऊन लिहितोय, मेंब्रेन आणि इलेक्ट्रोलाइट मागवावं ही विनंती.’ तक्रारीचा सूर नको. पण लेखी पाहिजे. उद्या काही झालंच तर चौकशी खालून वर चढत जाते आणि खालच्या पायरीवर तू उभा आहेस. आधी लिहिलेल्या तीन आठवड्यांच्या आकड्यांवर मात्र खाडाखोड करू नकोस. विचारलं तर जे झालं ते सांग.

आणि तो ॲनालायझर खरंच बिघडलाय का, हे तू बघितलंस का? पत्रात कुठे लिहिलं नाहीस. दहातल्या सहा वेळा ॲनालायझर ठणठणीत असतो आणि सॅम्पलच्या बारीक नळीत शेवाळ किंवा गाळ अडकलेला असतो. आधी फ्लो सेलमध्ये (सेन्सर बसतो त्या कपात) पाणी येतंय का बघ. येत असेल तर सेन्सर काढून मेंब्रेन (त्याच्या तोंडावरचा पातळ पडदा) बघ, फाटलंय की नुसतं चिकट झालंय. नवीन बसवल्यावर लगेच आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, स्थिरावायला काही तास जातात. मग त्याच नळीच्या पाण्याची हाताने टेस्ट घेऊन आकडा जुळवायचा. पीएच मीटरसारखं बाटलीतल्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) हे कॅलिब्रेट होत नाही. इथे तुझी ती दोन मिनिटांची टेस्टच गुरू.

आता मिलिअँपिअर. यात घाबरण्यासारखं काही नाही, तुला कुणी नीट सांगितलं नाही इतकंच. तुमच्या संपची (पाण्याच्या जमिनीतल्या टाकीची) पातळी शून्य ते पाच मीटर धर. ट्रान्समीटर ही पातळी करंटच्या भाषेत सांगतो : रिकामा संप म्हणजे ४ मिलिअँपिअर, पूर्ण भरलेला म्हणजे २०. मध्ये १६ चं अंतर, पाच मीटरला वाटलं तर मीटरमागे ३.२. तीन मीटर पाणी असेल तर ९.६ अधिक ४, म्हणजे १३.६. एवढंच स्केलिंग. हेच गणित प्रेशरला आणि हेच फ्लोला.

पण शून्याला ४ का, शून्यच का नाही? इथे खरी गंमत आहे. शेतावरच्या गड्यानं ‘विहिरीत पाणी नाही’ असं ओरडून सांगणं वेगळं आणि गड्याचा आवाजच न येणं वेगळं. ४ आला तर गडी जागेवर आहे, पाणी नाही. शून्य आला तर वायर तुटलीय, फ्यूज गेलाय नाहीतर २४ व्होल्टचा सप्लाय मेलाय. पाण्याबद्दल तो काहीच बोलत नाहीये. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मं इन्स्ट्रुमेंटेशन आलं म्हणून समज.

फॉल्ट शोधताना आमचे मिस्त्री म्हणायचे, आधी पाण्याकडे बघ, मग पडद्याकडे. संपवर जा, झाकण उघडून बघ, पट्टीनं मोज. (उघडून बघ म्हणतोय, आत उतर म्हणत नाहीये. त्यावर येतोच.) अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब धरतात, कोळी जाळं करतो, कधी आतल्या शिडीवर आवाज आपटून परत येतो आणि पाणी असो-नसो, पातळी कायम शिडीच्या पायरीएवढी दिसते. सेन्सर ठीक असला की टर्मिनलवर ये, मग पॅनेलमधल्या आयसोलेटरवर, मग पीएलसीच्या (पॅनेलमधल्या कंट्रोल कॉम्प्युटरच्या) कार्डावर. बहुतेक माणसं उलटी सुरुवात करतात आणि पहिल्याच दिवशी ‘कार्ड उडालंय’ म्हणून मोकळी होतात.

फ्लोमीटरचं एक सांगतो, कारण तुमच्याकडे होणार म्हणजे होणारच. मोठा पंप व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर) चालू झाला की फ्लोचा आकडा नाचायला लागतो. मीटर बदलू नकोस. सिग्नल केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून तर नेली नाहीये ना, ते बघ. केबलचं शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केलंय का, ते बघ. एकाच टोकाला हवं, पॅनेलच्या बाजूला. आणि पाइप प्लॅस्टिकचा किंवा आतून अस्तर लावलेला असेल तर मीटरला अर्थिंग रिंग आहेत का बघ. या तीन गोष्टींवर मी आयुष्यभर हुशार ठरलो.

इलेक्ट्रिकल तुला येतं म्हणतोस, तर तिथे चारच गोष्टी बोलतो. पण त्या जिवाच्या आहेत.

खिशातला निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे सप्लाय गेला, असं कधीही धरू नकोस. पाण्याच्या जागी ओलसर हात, रबरी बूट, भर उन्हात तो पेटलेला दिसतही नाही. चालू असलेल्या पॉइंटवर मीटर तपास, मग बंद केलेल्या पॉइंटवर, मग परत चालूवर. आणि ब्रेकर बंद केला की स्वतःचं कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात. ‘मी खाली सांगून आलोय’ याला परमिट म्हणत नाहीत. रात्रपाळीचा ऑपरेटर बदलला की तुझं सांगणं त्याच्याबरोबर घरी जातं. कपॅसिटर पॅनेल आणि व्हीएफडी बंद केल्यावरही आत चार्ज उरतो. थांब, मोज, मग हात घाल. ११ केव्हीच्या यार्डात तर अधिकृत माणसाशिवाय पाऊलच टाकू नकोस, कुणी कितीही चढवलं तरी.

व्हॉल्व चेंबर, फ्लोमीटर चेंबर, रिकामा संप. यात एकट्यानं उतरायचं नाही. वरून पाणी स्वच्छ दिसतं, पण बंद खड्ड्यातली हवा माणसाला दोन श्वासांत आडवी करते आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. झाकण उघडून वारा खेळू दे, ब्लोअर लाव, गॅस डिटेक्टर सोडून बघ, दोरी आणि वर एक माणूस. हे सगळं नसेल तर काम उद्या होईल. उद्या कधी सांडपाण्याच्या केंद्रावर गेलास तर हे दुप्पट पाळ, तिथे सोबतीला हायड्रोजन सल्फाइड असतो.

क्लोरीनच्या शेडबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही. याचा अर्थ तू तिकडे जात नसशील किंवा सवय झाली असेल. दोन्ही वाईट. ९०० किलोचा टनर, म्हणजे क्लोरीनचं मोठं सिलिंडर, असतो तो. हा गॅस हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो. म्हणून डिटेक्टर आणि एक्झॉस्ट खाली असतात. कुणी ‘धूळ बसते’ म्हणून डिटेक्टर वर भिंतीवर लावला असेल तर खाली आणायला सांग. गळती झाली तर वाऱ्याच्या उलट्या दिशेनं आणि उंच जागी जायचं. गळक्या टनरवर पाणी मारायचं नाही, ॲसिड होऊन भोक मोठं होतं. आणि शेडशेजारच्या पॅनेलचे कॉन्टॅक्ट दर महिन्याला उघडून बघ. तांबं हिरवं पडलं असेल तर गॅस रोज थोडाथोडा येतोय, तुझ्या छातीतही.

पावसाळ्याआधी प्रत्येक मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लाव आणि आकडा तारखेसह वहीत लिही. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. मार्चमध्ये दोनशे, मेमध्ये ऐंशी, जूनमध्ये बारा मेगओहम, हे ओळीनं वाचलं की मोटर तुझ्याशी बोलते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पुराचं पाणी उपसा केंद्रांत शिरलं, चहूकडे पाणी आणि घरचे नळ कोरडे. पूर ओसरल्यावर बुडालेल्या मोटरी उघडायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि मेगर पुरेसा चढेपर्यंत सप्लाय द्यायचा नाही, असं ते काम असतं. वर सगळे घाई करत असतात. ‘अजून चढला नाही, थांबा’ असं म्हणायला वहीचा आधार लागतो.

हां, तर भविष्य.

महावितरणची जाहिरात आली की अर्ज जरूर भर. विद्युत सहाय्यक म्हणून लागलास तर पहिली तीन वर्षं मानधनावर, मग तंत्रज्ञ. पक्की नोकरी आहे, घरच्यांचं चुकत नाही. पण जाहिरातीची वाट बघत घरी बसू नकोस. अभ्यास रात्रपाळीतही होतो (मी असं म्हटल्याचं इन्चार्जना सांगू नकोस). नुसते इलेक्ट्रिशियन गल्लोगल्ली आहेत. नुसता इन्स्ट्रुमेंटवाला मोटर म्हटली की चार पावलं मागे सरतो. दोन्हीकडे हात घालणारा माणूस पाण्याच्या धंद्यात कमी सापडतो. जलजीवन मिशन, अमृत २.० या सरकारी पाणी योजना, मुंबईत उभी राहणारी सात मोठी मलजल केंद्रं, या सगळ्यांत पीएलसी-स्काडा बसवलं जातंय. बसवणारी कंपनी निघून जाते. मागे ते चालतं ठेवणारा कुणी लागतोच. औषध कंपन्यांतही हीच विद्या चालते, पगार बरा असतो.

गल्फमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या केंद्रांवर ‘ई अँड आय (इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशन) टेक्निशियन’ म्हणजे नेमका तूच, पण आजचा नव्हे, तीन वर्षांनंतरचा. आत्ता गेलास तर केबल ओढायला ठेवतील. जाशील तेव्हा एजंट सरकारी नोंदणीचा आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपास.

तोवर इथेच राहा, पण फुकट राहू नकोस. यूएएनचं पासबुक आज उघड आणि पगारातून कापलेला पीएफ खरंच भरला जातोय का बघ. ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड नसेल तर माग, विजेजवळ काम करणाऱ्यानं त्याशिवाय राहू नये. वायरमन परमिट काढलं नसशील तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन चौकशी कर. आयटीआयवाल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तेही डोक्यात असू दे. आणि दरवर्षी ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र लिहून घे, त्यात ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ हा शब्द आला पाहिजे. ठेका बदलतो, माणूस तोच राहतो आणि मागची चार वर्षं कागदावर कुठेच नसतात, असे किती तरी जण मला भेटलेत. दोन माणसांचं काम करतोस तर पगाराचंही बोल. मीटर चालू करून दाखवलंस की मग बोल, आधी नको.

हत्यारं. लूप कॅलिब्रेटर (तो ४ ते २० मिलिअँपिअर देऊन-मोजून बघायचं यंत्र) स्वतःच्या पैशानं घेऊ नकोस, महाग असतो, ते ठेकेदाराचं काम. स्वतःचा एक चांगला मल्टिमीटर घे, कॅट थ्री हा सुरक्षेचा दर्जा लिहिलेला. फुटपाथवरचा पिवळा नको, ४१५ व्होल्टवर तो हातात फुटतो. टर्मिनलचा बारीक स्क्रू ड्रायव्हर, फेरूल दाबायचा पाना, डोक्याला लावायची बॅटरी आणि दोनशे पानी वही. मल्टिमीटरबरोबर त्याचे दोनचार जादा फ्यूज घेऊन ठेव. लूपचा करंट मोजायला लाल प्रोब तू मिलिअँपिअरच्या भोकात घालशील, नंतर विसरून तसाच सप्लायवर व्होल्ट बघायला लावशील. २४ व्होल्टवर लावलास तर फ्यूजवर निभावेल, ४१५ वर मीटरचं आणि हाताचं काही सांगता येत नाही. म्हणून करंट मोजून झाला की मीटर खाली ठेवायच्या आधी लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात.